सगळं बाईंमुळे चाललंय

गेल्या महिन्यात या पानावर मी सहज एक वाक्य लिहिलं होतं, की बौद्धिक दिव्यांगांच्या निवासी घरात गेल्यावर कोणी मला "इथलं सगळं बाईंमुळे चाललंय" असं सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की संपादकांनी या वेळी पूर्ण जागाच देऊन टाकली. काही वाचक चिडलेत, की लोक आयुष्य वेचतात आणि तुम्ही बसून खोड्या काढता. चिडा बाबांनो, पण अठरा वर्षं मी स्वतःच एका घरातली ती "बाई", म्हणजे घर चालवणारी, होते, म्हणून बोलते. त्यातली काही पत्रं आणि माझी उत्तरं खाली.

माझा मुलगा ३१ वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे. मी ६४ ची, मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले. एक होम बघून आले, बाग सुंदर, फरशी चकाचक, मॅडम फार प्रेमळ, सगळी मुलं त्यांना मम्मी म्हणतात. मन तयार होत नाही पण पुढे माझं काही झालं तर? काय बघून ठरवायचं? — एक आई, फोंडा

ताई, बाग देणगीदारांसाठी असते, ती सोडा. परत एकदा जा, पण या वेळी संध्याकाळी साडेसात-आठला जा, मॅडम घरी गेलेल्या असतात तेव्हा. रात्री ड्युटीवर किती माणसं असतात ते विचारा, आणि मॅडमना नको, त्या रात्रीच्या माणसालाच विचारा की दोन वाजता कोणाला फिट आली तर तू काय करणार. त्याने पटापट सांगायला हवं, गोळी कुठे आहे, गाडी कोणाची, बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) सोबत कोण जाणार आणि मग मागे बाकीच्यांजवळ कोण राहणार. "मॅडमना फोन करणार" एवढंच उत्तर आलं तर समजून जा.

हे मी का सांगते, तर माझ्या हातून हेच झालंय. एका पावसाळ्यात मला डेंगी झाला, आठ दिवस ॲडमिट होते. औषधाच्या कपाटाची चावी एकच आणि ती माझ्या पर्समध्ये, पर्स इस्पितळाच्या कॉटखाली. दुसऱ्याच रात्री अटेंडंटने वरवंट्याने कुलूप फोडलं कारण आमच्यातल्या एकाची फिटची गोळी आत होती आणि एक वेळ ऑलरेडी चुकली होती. नशीब, काही झालं नाही. मी बरी होऊन आल्यावर सगळे म्हणाले बाई तुमच्याशिवाय काही खरं नाही, आणि मला सांगायला लाज वाटते पण तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. ती तारीफ नव्हती, तो माझ्या कामाचा रिपोर्ट होता आणि त्यात मी नापास होते, हे कळायला पुढे दोन वर्षं गेली.

बाकी बघायचं म्हणजे, बाथरूमच्या दाराला आतून कडी आहे का. कपडे ज्याचे त्याचे आहेत की धुवून एका ढिगात जातात आणि सकाळी ज्याला जे बसेल ते. (आतले कपडेसुद्धा. मी बघितलंय.) मुलाला फोन करायचा असेल तर कोणाची परवानगी लागते. तक्रारवही आहे का आणि असेल तर शेवटची नोंद कधीची. "आमच्याकडे तक्रारी येतच नाहीत" असं अभिमानाने सांगणारं घर मला सगळ्यात जास्त खटकतं, चाळीस माणसं एका छपराखाली राहतात आणि वर्षभर कोणाची काही तक्रार नाही, असं कुठे असतं का हो, आपल्या घरी चार जणांत रोज असते.

कागदाचं एकच बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे खाजगी संस्थेला रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट असल्याशिवाय असं घर चालवता येत नाही, आणि ते सर्टिफिकेट लोकांना दिसेल अशा जागी लावायचं असतं. भिंतीवर मंत्र्यांसोबतचे फोटो असतील आणि ते नसेल तर विचारा कुठे आहे.

आणि मम्मी. एकतीस वर्षांचा पुरुष एका मॅनेजरला मम्मी म्हणतो यात प्रेम असेलही, पण मम्मीवर तक्रार कशी करायची? आधी आठवडाभर ठेवून बघा, मग त्याला विचारा. तो बोलत नसेल तर दुसऱ्यांदा गेटजवळ गाडी थांबल्यावर त्याचं तोंड बघा, आईला त्याहून जास्त पुरावा लागत नाही.

मला वर्षभरापूर्वी एका संस्थेच्या कमिटीवर खजिनदार म्हणून घेतलं. संस्थापक सर ७४ वर्षांचे, देवमाणूस. पण चेकबुक त्यांच्याकडे, सेक्रेटरी त्यांची सून, किराणा त्यांच्या भाच्याच्या दुकानातून. मीटिंग वर्षातून एकदा, चहा-सामोसे आणि आधीच लिहिलेल्या मिनिट्सवर सह्या. काही विचारलं की सर दुखावतात, "माझ्यावर विश्वास नाही का?" मी सही करू की राजीनामा देऊ? — खजिनदार, म्हापसा

राजीनामा देऊ नका. तुम्ही गेलात की तुमच्या जागी न विचारणारा येईल.

पहिलं म्हणजे ते "विश्वास नाही का" यात अडकू नका. हिशोब मागणं म्हणजे अविश्वास, ही आपल्याकडची जुनी खोड आहे, देवळाच्या कमिटीपासून सगळीकडे, आणि गंमत म्हणजे देवळाच्या जत्रेचा हिशोब लोक भांडून मागतात पण अशा घराचा मागायला पाप वाटतं. सरांना सांगा की मी विचारतोय ते तुमच्याच रक्षणासाठी, उद्या कोणी बोट दाखवलं तर कागद बोलेल. हे खोटंही नाही. भाच्याच्या दुकानातून घ्या हवं तर, पण दोन दुसरी कोटेशन फाइलला लावा आणि ज्या मीटिंगमध्ये तो विषय येईल तेव्हा सर आणि सूनबाई दोघं बाहेर बसतील, तसं मिनिट्समध्ये लिहा. चेकवर दोन सह्या, आणि दोन्ही सह्या एकाच घरातल्या नकोत. सोसायटी म्हणून नोंद असेल तर दरवर्षी कमिटीची यादी रजिस्ट्रारकडे जायला लागते, १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्यात वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत असं आहे, ती शेवटची कधी गेली ते बघा. बऱ्याच वेळा यादीत वारलेली माणसं असतात.

पण पैशाचं सोपं असतं हो, सीए बघून घेतो. कमिटीला खरं न जमणारं म्हणजे घरात काय चाललंय ते कळून घेणं. आमच्या कमिटीत डॉक्टर होते, वकील होते, एक रिटायर्ड हेडमास्तर होते, सगळी भली माणसं, आणि अठरा वर्षांत त्यांच्यातलं कोणी रात्री जेवणाच्या वेळी आलं असेल तर दोनदा. मी जे सांगेन ते त्यांना कळायचं. आणि मी काय सांगणार, सगळं बरं चाललंय.

मग एका नवीन सोशल वर्करने आमच्याकडे राहणाऱ्यांची मीटिंग सुरू केली, दर महिन्याला, तेच बसणार, मी बाहेर. पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, सगळें बरें. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी जेवणाच्या ताटांचे फोटो कापून आणले, वरण-भात, भाजी, दलिया, हुमण (माशाची आमटी), तळलेला बांगडा, आणि म्हणाली आवडतं ते माझ्याकडे द्या. आमचा एक चाळिशीतला माणूस आहे, फार बोलत नाही. त्याने दलियाचा फोटो उचलला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर कोपर टेकून बसला. मग बांगडा तिच्या हातात दिला. तिने बाजूला ठेवला की परत उचलून परत हातात, असं तीनदा. "म्हाका नुस्तें जाय." म्हणजे मला मासे पाहिजेत. तेव्हा लक्षात आलं की आधीची स्वयंपाकीण सोडून गेल्यापासून, म्हणजे जवळजवळ पाच महिने, मासे झालेच नव्हते कारण नवीन बाई मासे साफ करत नव्हती. गोव्यात! पाच महिने! मी रोज तिथे होते आणि मला हे दिसत होतं पण "विषय" वाटला नव्हता, आणि रजिस्टरात तर सगळं छान, प्रोटीन म्हणून मूग लिहिलेले.

ते फोटो पुढच्या कमिटी मीटिंगला ठेवले. हेडमास्तर आधी हसले, मग गप्प झाले, मग म्हणाले अजेंड्यावर पहिला विषय कायम हाच ठेवा. तुम्ही तेवढंच करा खजिनदारसाहेब, मीटिंग तीन महिन्यांतून एकदा करायला लावा, पहिला विषय राहणाऱ्यांचं म्हणणं, आणि शक्य तर त्यांच्यातले दोघं मीटिंगला बसू देत. त्यांना बॅलन्स शीट कळत नाही म्हणाल तर आमच्यातल्या निम्म्यांना पण कळत नव्हती.

सरांनंतर कोण, हा प्रश्न सर असतानाच विचारा. वाईट दिसतं, तरी विचारा. आणि देवमाणूस म्हणून कोणाला तपासायचं नाही असं करू नका, तुमचे सर तसे नसतील, पण २०११ साली नवी मुंबईत कळंबोलीच्या संस्थेत बौद्धिक दिव्यांग मुलींवर अत्याचार झाल्याचं बाहेर आलं आणि २०१३ मध्ये कोर्टाने ज्यांना दोषी धरलं त्यात संस्था चालवणारा स्वतः होता. बाहेरून कोणी येऊन बघत नसेल तर चांगलं घर आणि वाईट घर दोन्ही गेटवरून सारखीच दिसतात.

मी एका होममध्ये केअरटेकर आहे. सोबतचा एक जण जेवताना त्रास दिला की मारतो, आणि एका मुलाला दुपारी खुर्चीला ओढणीने बांधून ठेवतात. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाले तू तुझं काम बघ. नोकरी गेली तर घर कसं चालणार. — नाव नको, डिचोली तालुका

तुमचं नाव येणार नाही. आज घरी गेल्यावर वही घ्या आणि तारीख, वेळ, कोणाला, कुठे लागलं, कोण हजर होतं एवढंच लिहा, तुमचं मत लिहू नका. फोटो काढून कोणाला फॉरवर्ड करू नका, त्या मुलाची अब्रू आहे. मग मॅनेजरला लेखी द्या, साध्या दोन ओळी, आणि एक कॉपी कमिटीच्या अध्यक्षांना.

त्याने हललं नाही तर, किंवा मार जास्त असेल तर वाट न बघता, २०१६ च्या कायद्यात कलम ७ आहे, दिव्यांग माणसावर अत्याचार होतोय असं वाटलं तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतं, म्हणजे आपल्या भाषेत मामलेदार ऑफिस. नातेवाईक असायची गरज नाही. राज्याचे दिव्यांग आयुक्त पण आहेत, त्यांच्याकडेही अर्ज देता येतो. जाणूनबुजून मारणं, चारचौघांत अपमान करणं, अन्नपाणी तोडणं याला कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. एकटं जायला भीती वाटत असेल तर एखाद्या मुलाच्या पालकांना सोबत घ्या, किंवा दुसऱ्या एखाद्या नोंदणी झालेल्या संस्थेला कळवायला सांगा, कायद्यात तेही चालतं.

नोकरीचं मी खोटं आश्वासन देणार नाही, जाऊ शकते. पण बांधून ठेवणं हे बहुतेक वेळा दुष्टपणाने सुरू होत नाही, दुपारी वीस जणांवर दोन माणसं असतात म्हणून सुरू होतं. ती दोन माणसं कोणी ठरवली? कमिटीने. म्हणून मारणाऱ्याला काढून टाकलं आणि ड्युटी चार्ट तसाच ठेवला तर महिन्याभरात दुसरा कोणीतरी ओढणी शोधेल. मॅनेजर वाचत असतील तर त्यांना पण हे लागू.

मी स्विंडनला असतो, इथे एका केअर होममध्ये काम करतो. बहीण ४२ वर्षांची, बौद्धिक दिव्यांग, गोव्यात एका होममध्ये. इथे इन्स्पेक्शनला पाच प्रश्न विचारतात, शेवटचा प्रश्न नेतृत्वाचा. तिकडे असं काही का नाही? आणि आई आता ८० ची, तिच्यानंतर मला गार्डियन होता येईल का? माझा पोर्तुगीज पासपोर्ट आहे. — एक भाऊ, मूळ बार्देश

भाऊ, तुमच्या इंग्लंडातले ते पाच प्रश्न बाकीच्या वाचकांना सांगते: माणसं सुरक्षित आहेत का, उपयोग होतो का, मायेने वागवतात का, गरजेला दाद देतात का, आणि घराचं नेतृत्व नीट आहे का. चांगले प्रश्न आहेत. पण तिकडचं सगळं सोन्याचं असं नका समजू. तुमच्यापासून फार लांब नाही, ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खाजगी हॉस्पिटल होतं, तिथला छळ २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने दाखवला. अकरा जणांना शिक्षा झाली, सहा तुरुंगात गेले. आणि त्याआधी तिथल्याच एका सीनियर नर्सने मॅनेजमेंटला सांगितलं होतं, त्याच इन्स्पेक्शनवाल्यांना पण कळवलं होतं, कोणी मनावर घेतलं नाही. म्हणजे प्रश्न छापलेले असून भागत नाही, डिचोलीच्या केअरटेकरचं पत्र वाचणारा कोणी लागतो.

आता गार्डियनचं. मूल अठराचं झालं की आईबापांचं पालकत्व कायद्याने संपतं, हे आपल्याकडे अर्ध्या पालकांना माहीतच नसतं. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरची एक लोकल कमिटी असते, जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा माणूस आणि एक दिव्यांग व्यक्ती. अर्ज तिथे. पण नियमात गार्डियन भारताचा नागरिक असायला हवा असं आहे, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्टवर तुम्हाला होता येणार नाही, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) म्हणजे नागरिकत्व नाही. दुसरी बहीण, चुलतभाऊ, कोणीतरी इथला बघा आणि आई हिंडतीफिरती आहे तोवर अर्ज करा. संस्थेलाही गार्डियन करता येतं पण मी सहसा सुचवत नाही, ज्याच्या घरात ती राहते तोच तिचा गार्डियन, मग त्या घराविरुद्ध तिच्या वतीने बोलणार कोण? गार्डियनला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यावा लागतो, दुर्लक्ष केलं किंवा पैसा खाल्ला तर कमिटी काढू शकते.

आणि आईच्या डोक्यात "सगळं घर संस्थेला लिहून देते, म्हणजे ते हिला कायम बघतील" असं असेल तर थांबवा. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांचा अर्धा हिस्सा ठरलेला आहे, तो मृत्युपत्राने काढता येत नाही, त्यात तुम्ही आणि बहीण दोघं आलात. आई फक्त तिच्या वाट्याच्या निम्म्याचं काय ते ठरवू शकते. चांगला वकील बघा. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे येत असतील तर ते बहिणीच्याच खात्यात जातात ना आणि तिच्या नावाचं वेगळं पान लेजरमध्ये आहे ना, तेही पुढच्या सुट्टीत येऊन बघा. वही मागितल्यावर "उद्या दाखवतो" असं झालं तर उद्या परत जा.

नेटवर अशा घरांबद्दल वाचताना लर्निंग डिसॅबिलिटी असा शब्द दिसतो, ते म्हणजे डिस्लेक्सियाच ना? मग त्यांना होम कशाला? — विद्यार्थिनी, साखळी

चांगलं विचारलंस. इंग्लंडमध्ये तो शब्द बौद्धिक अक्षमतेसाठी वापरतात, आपल्याकडे शाळेत तो वाचन-लेखन-गणिताच्या अडचणीसाठी, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे. नेटवर वाचताना घोटाळा होतो. मी इथे बोलते ते पहिल्यांबद्दल. आणि पूर्वीचा "मतिमंद" हा शब्द आता नको, जुन्या पाट्यांवर अजून असला तरी.

आम्ही फ्रेंड्स मिळून दर वर्षी वाढदिवसाला एका होममध्ये केक आणि जेवण देतो. तुम्ही मागे लिहिलं की हे बंद व्हायला हवं. चांगलं करणाऱ्यांना पण नावं ठेवणार? — मडगाव

बंद करा असं नव्हतं लिहिलं, कमिटीने नियम करावा असं लिहिलं होतं. आमच्याकडे डिसेंबरात एका आठवड्यात सहा केक आले होते. दोघांना डायबेटीस. प्रत्येक वेळी सगळ्यांनी लाइनीत बसायचं, टाळ्या वाजवायच्या, अनोळखी माणसाला हॅपी बर्थडे म्हणायचं, फोटो. दुपारची झोप, टीव्ही, सगळं सोडून. आणि नाही म्हणायची कोणाची हिंमत, देणगीदार आहे! मॅनेजर नाही म्हणू शकत नाही म्हणून तर कमिटी लागते, तिने लिहून ठेवायचं की महिन्यात दोनच, जेवण आधी विचारून, चेहऱ्याचे फोटो ज्याने त्याने हो म्हटलं तरच.

त्या सहाव्या केकला तोच आमचा बांगडेवाला उठला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "आयज कोणाचो वाडदीस? म्हजो केन्ना?" फाइल काढली तर १ जून. पुढची फाइल, १ जून. अकरा जणांचा १ जून, कारण ॲडमिशनच्या वेळी तारीख माहीत नव्हती की तेच लिहायचं, आणि १ जूनला आजवर कोणी केक घेऊन आलं नव्हतं. मग आम्ही त्यालाच विचारलं तुला कधी पाहिजे. तो दोन दिवस विचार करत होता, मग त्याने शिगम्याचा दिवस सांगितला. केक नको म्हणाला, ढोल पाहिजे.